राजर्षी शाहू छत्रपती : एका निश्चयाची वारी

वारीला निघालेल्या माणसाचे एक लक्षण आपणा सर्वांस ठाऊक आहे. वाटेत पाऊस लागो, चिखल लागो, मुक्कामाची जागा बदलो, त्याचे तोंड पंढरीकडे असते. घाट आडवा आला तर वळसा घेतो, ओढ्याला पाणी आले तर काठावर बसून राहतो, पण गाठोडे उचलून घरी परतत नाही. हे लक्षण आम्ही कीर्तनात साधकाला लावतो. आज ते एका राजाला लावून पाहावयाचे आहे.

करवीरचे शाहू छत्रपती महाराज हे माळकरी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. शिकारीचा त्यांना मोठा नाद, कुस्तीचे वेड, खाणेपिणे क्षत्रियाचे. मग वारकऱ्यांच्या मासिकात त्यांचे चरित्र कशाला, असे एखादा बुवा विचारील. बुवा, जरा धीर धरा. चोखोबा ज्या महाद्वाराबाहेर उभे राहिले, त्या दाराचा प्रश्न या राजाने आपल्या राज्यात हाती घेतला आणि मरेपर्यंत सोडला नाही. एवढे कारण आम्हांला पुरे वाटते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. पाळण्यातले नाव यशवंतराव. आईचे सुख फार थोडे लाभले. १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या गादीवर आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि शाहू हे नाव ठेवले, तेव्हा वय अवघे नऊ. पुढे दोनच वर्षांत वडील आबासाहेबही गेले. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडास फ्रेझर साहेबांच्या हाताखाली शिक्षण झाले. १८९१ साली बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याचा अधिकार हाती आला. वीस वर्षेही पुरती झाली नव्हती.

या वयात राजपुत्र काय करतात ते इतिहासाला माहीत आहे. घोडे आहेत, हत्ती आहेत, खजिना आहे, आणि डोक्यावर इंग्रजांचा हात असल्याने लढाईची भीती नाही. महाराजांनी आरंभी काय केले, तर दरबारातली माणसे मोजली. कारभारातल्या वरच्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे आणि उरलेल्या ११ इतर साऱ्या जातींकडे, असा हिशेब निघाला. राज्यात शेतकरी, धनगर, कोष्टी, चांभार, महार, मुसलमान, जैन, लिंगायत अशी अठरापगड रयत, आणि तिचा कागद लिहिणारा, वाचणारा, निकाल देणारा मात्र एकाच वर्गाचा. आम्ही ब्राह्मणांची निंदा करावयास बसलो नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या घरी पाटी आणि पोथी, तो कचेरीत जाणारच. पण ज्याच्या घरी पाटीच नाही त्याने काय करावे? तरुण राजाच्या मनात हा प्रश्न शिरला तो कायमचा. १८९५ साली त्यांनी भास्करराव जाधव या हुशार मराठा तरुणाला शोधून आणून कारभारात जबाबदारीच्या जागी नेमले. हे १८९५ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

जागा द्यायच्या म्हटल्या तर शिकलेली माणसे हवीत. शिकलेली माणसे हवीत तर खेड्यातले पोर शहरात राहिले पाहिजे. आणि ते राहणार कुठे, जेवणार कुठे? भुदरगडच्या डोंगरातल्या कुणब्याचा मुलगा कोल्हापुरात आला तर त्याला ओसरीवर कोण घेणार? सगळी गाठ येथे होती. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून एक वसतिगृह काढले. राजाला शोभेल असाच हा विचार होता, सर्वांना एक छप्पर, एक पंगत. पण झाले निराळेच. थोड्याच वर्षांत दिसून आले की तेथे बहुतेक ब्राह्मणांचीच मुले राहतात. दार सर्वांना उघडे, आणि आत मात्र एकाच आळीतली मंडळी.

अशा वेळी पुढारी माणसाची परीक्षा होते. कोणी म्हणेल, आम्ही दार उघडले होते, लोक आले नाहीत, त्याला आम्ही काय करणार. आणि हात झटकून मोकळा होईल. दुसरा कोणी हट्टाने तेच वसतिगृह वीस वर्षे चालवील आणि अहवालात सर्व जातींसाठी असे लिहीत राहील. महाराजांनी यातले काही केले नाही. मुक्काम तोच ठेवला आणि वाट बदलली. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैनांचे, १९०६ साली मुसलमानांचे, १९०७ साली लिंगायतांचे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आणि शिंपी समाजासाठी नामदेव बोर्डिंग. नामदेवरायांचे नाव शाळकरी पोरांच्या छपरावर लागले, हे वाचून वारकऱ्याला बरे वाटल्याशिवाय राहणार नाही. पुढे सारस्वतांचे, दैवज्ञांचे, कायस्थ प्रभूंचे, ख्रिस्ती मुलांचे अशी वसतिगृहांची रांगच लागली. कोणाला जागा दिली, कोणाला इमारत, कोणाला सालीना नेमणूक. त्या त्या समाजातल्या चार कर्त्या माणसांना बोलावून त्यांच्या अंगावर जबाबदारी टाकली. कोल्हापूर हे विद्यार्थी वसतिगृहांचे माहेर झाले ते असे.

आता येथे शंका येते, आणि ती खोटी नाही. जातिभेद मोडायचा म्हणणाऱ्या राजाने जातवार बोर्डिंगे का काढली? आम्हांला वाटते, याचे उत्तर अंगणवाटेत आहे. भिंत एका उडीत ओलांडता येत नसेल तर आधी दगड रचून पायरी करावी लागते. आपल्या जातीचे म्हटल्यावर आईबाप पोराला धाडू लागले, जातीतले सधन लोक पैसा देऊ लागले. पोरे मात्र एकाच शाळेच्या बाकावर येऊन बसली. महाराज स्वतः पायरीला घर समजत नव्हते, याचा पुरावा पुढे आहे. पण पायरीवरच बिछाना टाकून बसणारे लोक पुढे निघाले, तो दोष पायरी बांधणाराचा नव्हे, असे आमचे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

मध्येच वेदोक्ताचे प्रकरण उपटले. १८९९ च्या सुमाराची गोष्ट. कार्तिकस्नानासाठी महाराज पंचगंगेवर जात. संकल्प सांगणारा भटजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. महाराजांसोबत मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते, थोर संस्कृत पंडित, आणि स्वतः ब्राह्मण. हे मंत्र वेदोक्त नाहीत, हे त्यांनी निदर्शनास आणून दिले. विचारणा झाली तेव्हा उत्तर आले की महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नाही, ते शूद्र आहेत. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या पुरुषाला हे त्यांच्याच नोकराने सांगितले!

आमची विद्या पाठशाळेतली. लघुकौमुदी आणि अमरकोश घोकण्यात बाळपण गेले. म्हणून या प्रकरणावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्ही घेतो. मंत्र वेदोक्त असो की पुराणोक्त, पंचगंगेचे पाणी दोघांनाही सारखेच थंड लागते. वारकऱ्याला तर नामाशिवाय दुसरा मंत्र ठाऊक नाही, आणि नामाला अधिकारपत्र लागत नाही. मग महाराजांनी एवढा आग्रह का धरावा? हा निव्वळ मानापमानाचा तंटा असता तर आम्ही त्यावर शाई खर्च केली नसती. पण त्या उत्तरात सगळा हिशेब उघडा पडला होता. राजाला जर असे म्हणता येते, तर घोड्याच्या मागे धावणाऱ्या मोतद्दाराला काय म्हणत असतील? महाराजांनी ते ओळखले. त्यांनी तडकाफडकी कोणाची मुंडी मुरगाळली नाही. समिती नेमली, कागदपत्रे पाहिली, राजोपाध्यांना सांगून पाहिले, मुदत दिली. राजोपाध्ये ऐकेनात तेव्हा १९०२ साली त्यांची इनामे काढून घेतली. लोकमान्यांसारखा लोकनायकही त्या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूला राहिला, केसरीतून लेख आले. प्रकरण मुंबई सरकारकडे आणि तेथून थेट व्हाइसरॉयांपर्यंत गेले. राजोपाध्यांचे अपील कोठेच टिकले नाही. या सगळ्यात पाचसहा वर्षे गेली.

पाचसहा वर्षे असा तंटा चालला की माणूस त्यातच गुंतून पडतो. उठता बसता तेच बोलणे, तेच खलिते, त्याच वकिलांच्या भेटी. मूळ काम राहते बाजूला. येथे महाराजांचे वेगळेपण दिसते. तंटा ऐन भरात असताना, १९०२ साली, ते सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले होते. २६ जुलै १९०२ रोजी, ते तिकडे असतानाच, करवीर सरकारचा जाहीरनामा निघाला. त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात, असा हुकूम झाला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व मागासलेले, अशी व्याख्याही त्यात होती. प्रत्येक खात्याच्या मुख्याने हिशेब कळवावा, असेही बजावले होते. नुसता हुकूम काढून हिशेब न मागणारे राज्यकर्ते आपण पुष्कळ पाहिले आहेत.

टीकाकार म्हणाले, वेदोक्ताचा हा सूड आहे. अजूनही कोणी कोणी म्हणतात. वाचकांनी ध्यानात ठेवलेले १८९५ साल येथे उपयोगी पडते. भास्करराव जाधवांची नेमणूक पंचगंगेवरच्या त्या सकाळच्या चार वर्षे आधी झाली होती. पहिले वसतिगृह तीन वर्षे आधी निघाले होते. दिशा ठरलेली होती. वेदोक्ताने फक्त ती बरोबर आहे हे कळून चुकले आणि चाल वाढली.

दुष्काळाकडे वळू. १८९६–९७ साली महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. त्यापाठोपाठ प्लेग आला, आणि पुन्हा १८९९–१९०० साली पाऊस रुसला. महाराज खेड्यापाड्यांतून फिरले. स्वस्त धान्याची दुकाने, कामे, निराधारांसाठी आश्रम, राखीव रानात गुरांना मोकळीक, आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या तान्ह्या पोरांना सांभाळायला कामाच्या जागीच सोय. इतके केले की चांगला राजा म्हणून नाव होते आणि पुढच्या पावसाबरोबर लोक विसरतात. पण महाराज विसरले नाहीत. दुष्काळ गेला तरी पाण्याचा विचार गेला नाही. राज्यातल्या विहिरी, तळी, ओढे यांची पाहणी झाली, पाटबंधाऱ्याचे स्वतंत्र काम सुरू झाले. भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ मोठे धरण बांधावयाचे ठरले. जवळ नवे गाव वसवले, त्याला कन्या राधाबाई अक्कासाहेबांचे नाव दिले, ते राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचे नाव. १९०९ साली काम सुरू झाले.

संस्थान किती मोठे, खजिना केवढा! तेवढ्या ऐपतीवर सह्याद्रीच्या कुशीत एवढे धरण म्हणजे शेजारच्यांना वेडच वाटले असेल. नऊ वर्षे दगडावर दगड चढत राहिला. १९१८ पर्यंत भिंत सुमारे चाळीस फूट उंच झाली आणि पैसा संपला. काम थांबले. महाराजांच्या हयातीत ते पुरे झाले नाही. ही उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण अर्धवट बांधलेल्या भिंतीनेही पाणी अडवले, आणि पुढच्यांना जागा, पाया, आराखडा तयार मिळाला. स्वातंत्र्यानंतर, १९५७ साली ते धरण पूर्ण झाले. आता पावसाळ्यात तलाव भरला की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. ती बातमी कोल्हापूरकर पोळीभाकरीच्या बातमीसारखी ऐकतात, कारण ते पाणी तुळशी, कुंभी, कासारी यांच्या पाण्यासह पंचगंगेला येऊन मिळते. उसाचे मळे आणि गुळाची गुऱ्हाळे त्या पाण्यावर उभी आहेत.

कारभाराची इतर कामे आम्ही भरभर सांगतो, कारण यादी लांब आहे. शाहूपुरीची पेठ, १९०६ सालची सूतगिरणी, वडिलांच्या नावाने वसवलेले जयसिंगपूर, १९१२ चे खासबाग मैदान. खासबागेत बसून कुस्ती पाहिलेल्या मंडळींना जास्त सांगायला नको. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई त्यांच्या दरबारी होता. हे सारे छंद होते, आणि छंदांना त्यांनी जागा दिली, पण ध्रुवपद त्यांचे नव्हते. कीर्तनात टाळकरी कितीही चाली लावोत, बुवा फिरून धृपदावर येतो. महाराज फिरून शाळेवर येत.

१९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याआधी बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व राज्यात ही गोष्ट केली होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सगळ्या हिंदुस्थानासाठी १९११ साली विधेयक आणले, ते इंग्रज सरकारच्या कौन्सिलात पडले. महाराजांनी आपल्या राज्यापुरते ते पार पाडले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! पहिली सक्तीची शाळा मार्च १९१८ मध्ये चिखलीस निघाली. इमारती कोठून आणायच्या? जेथे शाळेला घर नाही तेथे देवळात, चावडीत, धर्मशाळेत वर्ग भरले. देवळात मुळाक्षरे घोकली गेली म्हणून एकही देव बाटला नाही. १९२१–२२ साली या शाळा ४२० झाल्या आणि मुले बावीस हजारांवर गेली.

पायरीला ते घर समजत नव्हते असे मागे लिहिले, त्याचा पुरावा हा. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले, महार वतनाच्या वेठीतून माणसे मोकळी केली, विधवाविवाह आणि आंतरजातीय विवाह यांना कायद्याचा आधार दिला. देवाला मुली सोडण्याची जोगत्या-मुरळीची चाल १९२० साली कायद्याने बंद केली. हे सारे १९१७ ते १९२० या तीनचार वर्षांतले.

आणि ही वर्षे घरात कशी होती? १२ जून १९१८ रोजी धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी डुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले. लग्नाला वर्षच झाले होते. सून इंदुमती बारातेरा वर्षांची पोर. त्या काळच्या राजवाड्यात अशा सुनेचे पुढे काय होई ते निराळे सांगावयास नको. पांढरे लुगडे आणि अंधारी खोली. महाराजांनी दुःख गिळले आणि तिला सोनतळीच्या मुक्कामी ठेवून शिकवावयास सुरुवात केली. सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली दिल्या. जे राज्याला सांगितले ते आधी स्वतःच्या उंबऱ्यात केले. इंदुमती राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे काम हाती घेतले.

गंगाराम कांबळे यांची हकिकत येथेच सांगितली पाहिजे. हे सरकारी पागेतले नोकर. स्पृश्यांच्या हौदाला हात लावला म्हणून इतरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परगावाहून परतल्यावर गंगाराम सोनतळीस जाऊन त्यांच्यापुढे उभे राहिले, पाठ दाखवली. मारणाऱ्यांना शासन झाले, पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. कोल्हापुरात भर रस्त्यावर गंगारामांना चहाचे दुकान काढून दिले. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांनी आपली गाडी दुकानापुढे उभी करावी आणि चहा मागवावा. सोबतचे सरदार, मानकरी, कागदावर सही घ्यायला आलेले लोक, सर्वांपुढे कप यायचा. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार! एकादशीच्या फराळावरून चारचार घटका वाद घालणाऱ्या आम्हां मंडळींनी या चहाच्या कपाचा विचार सवडीने करावा.

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतल्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर, वय अठ्ठावीस. महाराज स्वतः तेथे गेले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षाच्या आरंभी निघालेल्या मूकनायक पत्राला त्यांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. आमच्या मते महाराजांच्या साऱ्या चरित्रातला हा कळस. आपल्या कामाची सूत्रे आपल्याच पोटी, आपल्याच जातीत, आपल्याच गादीला राहावीत ही इच्छा कोणाला सुटते? मठाधिपतींना सुटत नाही, फडकऱ्यांना सुटत नाही. येथे एक छत्रपती भर सभेत उठतो आणि महाराच्या मुलाकडे बोट दाखवतो की आता याच्या मागे जा.

शरीर मात्र थकत चालले होते. धिप्पाड देह, त्याला मधुमेहादी व्याधींनी ग्रासले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, गिरगावातल्या खेतवाडीच्या पन्हाळा लॉजवर महाराजांनी देह ठेवला. वय ४७. राज्य केले २८ वर्षे.

कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनाला, किंवा आषाढीला नंदवाळच्या दिंडीला जाणाऱ्या वारकऱ्यांनी दोन ठिकाणे चुकवू नयेत. एक दसरा चौक. तेथे महाराजांचा पुतळा आहे आणि जवळपास त्यांनी उभ्या केलेल्या बोर्डिंगांच्या जुन्या इमारती आहेत. दुसरे नर्सरी बाग. महाराजांचे समाधिस्थळ तेथे आहे. त्याच बागेत त्यांचे पहिले स्मारक १९२५ साली उभे राहिले. ते दरबाराने उभारलेले नव्हे, संस्थानिकांनी नव्हे. चहाचे दुकान चालवणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी आपल्या गोरगरीब बांधवांच्या वर्गणीतून ते उभारले.